वाटेचं गाऱ्हाणं

गाडी जुंपून तास झाला होता आणि शिमोन मास्तर अजून आतबाहेर करत होते. दाराला कडी घालायचे, काही राहिल्यासारखं करून पुन्हा काढायचे. आत उरलं होतं काय, तर चार भिंती आणि समोरच्या भिंतीवरचा लाकडी क्रूस. क्रूस ते विसरले नव्हते. तो त्यांना न्यायचा नव्हता.

आठ वर्षं त्यांनी नंदिगड्ड्याच्या रानात येशूची सुवार्ता सांगितली. लोक ऐकत, माना डोलवत आणि सुगी झाली की आपल्या देवाला कोंबडं देत. त्याचं मास्तरांना वाईट वाटे, पण झोप उडण्याइतकं नाही. झोप उडाली ती श्रावणात, त्यांची सात वर्षांची लेक मार्था हिवतापानं गेली तेव्हापासून. तिच्या आजारात तीन दिवस गुडघ्यांवर बसून त्यांनी एकच मागणं मागितलं आणि ते ऐकलं गेलं नाही. त्यानंतर प्रार्थनेला बसलं की नुसते ओठ हलत. शेवटी त्यांनी बेळगावच्या पाद्रीसाहेबांना लिहून टाकलं, की ज्याच्यावर माझाच विश्वास उरला नाही त्याच्याविषयी मी लोकांना काय सांगू, मला मोकळं करा.

त्यांची बायको सुंदराबाई काही गाडीत बसल्या नव्हत्या. परसातल्या फणसाखाली लेकीची माती होती, तिकडे तोंड करून त्या पायरीवर बसल्या होत्या. जायचं नाही म्हणून नवऱ्याशी भांडून भांडून त्या दमल्या होत्या.

तेवढ्यात उमाजी आला. गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस, बरोबर पाच-सहा गडी आणि हातात नारळ. गाव कायमचं सोडणाऱ्याच्या वाटेसाठी म्हाताऱ्यानं देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या प्रत्येक बोलाला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही इथली रीत. मास्तर म्हणाले, मला त्याची गरज नाही. उमाजी म्हणाला, आमच्या देवाला नाही, तुमच्याच देवाला घालतो, ज्याचं त्यानं बघावं. नारळ नुसता ठेवणार, फोडणार नाही, मागं एकदा तुम्ही त्यावरून रागावला होता ते ध्यानात आहे. एवढं बोलून तो आत शिरला आणि क्रूस बघून थबकला.

"देव हितंच ठिवून निघालासा?"

मास्तर पुन्हा दाराची कडी चाचपू लागले.

"मग त्येचं आमी काय करायचं? तुमीच सांगत हुतासा, त्येला कोंबडं लागत न्हाई, दिवा लागत न्हाई. मग लागतंय तरी काय, तेवढं सांगून जावा."

मास्तर चिडले. उत्तर येत नसलं की माणूस चिडतोच. काय घालायचं ते लवकर घाला, ऊन चढतंय, असं म्हणून ते भिंतीशी उभे राहिले, पण एका जागी पाय ठरेना.

उमाजीनं क्रुसाखाली नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि जवळजवळ खेकसूनच सुरुवात केली. गाऱ्हाण्यात देवाची भीड धरत नाहीत.

"बा येशू म्हाराजा, ह्यो तुजा मास्तर. आट वरसं ह्या रानात तुजं नाव सांगत हिंडला."

"व्हय म्हाराजा," गडी म्हणाले.

"त्येची पोर आजारी पडली. त्येनं तुला हाक मारली. तू आला न्हाईस."

"व्हय म्हाराजा."

मास्तरांनी वर छपराकडे बघितलं. तीन महिने हेच त्यांच्या पोटात सलत होतं, पण देवाच्या तोंडावर म्हणायची छाती झाली नव्हती. ती गोष्ट ही अनवाणी माणसं बिनदिक्कत म्हणत होती आणि छप्पर काही कोसळलं नव्हतं.

"तवापासनं ह्यो तुज्यावर रुसलाय. तुजं त्वांड बगायचं न्हाई म्हणून चाललाय. पर म्हाराजा, जो न्हाईच त्येच्यावर कोन रुसतंय? ह्येला अजून तूच पायजे."

या वेळी कुणीच काही म्हणालं नाही. दुसऱ्याच्या मनातल्या गोष्टीला व्हय कसं म्हणायचं, म्हणून गडी एकमेकांची तोंडं बघू लागले. उमाजी डोळे मिटून तसाच थांबला. व्हय मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढं नेता येत नाही.

मास्तर बाहेर जायला निघाले. दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा दाराकडे वळले. दारात सुंदराबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मास्तरांना रडू कोसळलं. मार्थाला माती देताना ते कोरडेच राहिले होते, त्या दिवसाचंही रडू यातच आलं. ते क्रुसाकडे वळून म्हणाले,

"व्हय म्हाराजा."

समोर कुणीतरी ऐकतंय, असं त्यांना श्रावणानंतर पहिल्यांदा वाटलं.

सुंदराबाई अंगणात गेल्या आणि त्यांनी गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.

उमाजीला त्यातलं काही दिसलं नाही. तो आता वाटेच्या मागण्यांना लागला होता. रानात वाघ आडवा येऊ नये, काळी नदीच्या उतारावर बैलांचा पाय घसरू नये, लोंढ्याला पोचेपर्यंत आगगाडी सुटू नये. प्रत्येक मागण्याला मास्तर सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं व्हय म्हणत होते. जायचं तर त्यांना आता कुठंच नव्हतं.