पाचही बोटं

इतवारीच्या चौकात हमालाचा पुतळा बसवायचं ठरलं, तेव्हा शिल्पकार मिनलने नमुना म्हणून चंपतरावांनाच उभं केलं. जन्मभर त्याच चौकात हातगाडी ओढलेला माणूस. पंधरा दिवस ते तिच्यापुढे गाडीचा दांडा धरून उभे राहिले. उजव्या हाताची दोन बोटं कधीकाळी चाकाखाली गेलेली. येईल त्याच्यापुढे तो हात नाचवत ते हसून सांगायचे, "हे दोन इतवारीनं ठेवून घेतले."

मिनलने मात्र मातीत पाचही बोटं घडवली. कुणी सांगितलं नव्हतं, तिलाच तो तुटका हात चौकात बरा दिसेना.

अनावरणाच्या दिवशी चंपतरावांनी पुतळ्याची बोटं एकेक करून चाचपली.

"हे काहून केलं, ताई?"

"चांगलं दिसावं म्हणून, काका." बोलता बोलताच तिचा आवाज पडला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "चौकात धडच माणूस पाह्यजे."

फोटोवाल्याने दोघांना पुतळ्याशेजारी उभं केलं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि चंपतरावांनी उजवा हात हळूच पाठीमागे नेला.