पाणी गारच आहे

"पाणी गारच आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "जरा कढत घाला की."

पार्लरवालीने किटलीतलं पाणी टबात ओतलं. एरवी पेडिक्युअरचं पाणी ती बाळाच्या अंघोळीसारखं कोपर बुडवून बघायची आणि त्यात कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकायची नाही. पण आजचं गिऱ्हाईक साधं नव्हतं. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचं पार्लर कुणाला चालवायला द्यायचं, ते या बाई ठरवणार होत्या. समोरच्या पार्लरवालीला त्यांनी उद्याची वेळ दिली होती. काउंटरवरून जाऊबाई डोळ्यांनीच बजावत होत्या, आज तुझा शिष्टपणा नको.

"पन्नाशी उलटली, पण दिवसभर तीन मजले चढते-उतरते," बाई सांगत होत्या. "नव्या बुटांनी पोरींचे पाय सोलवटतात. मला साधं बोचतही नाही. पाय आहेत की दगड!"

जाऊबाई हसल्या. जरा जास्तच हसल्या.

"अजून थोडं गरम."

पार्लरवालीने किटली उचलली आणि सवयीने कोपर टबात घातलं. चटका बसला तसं तिने ते झटकन बाहेर काढलं. बाईंचे पाय मात्र आत निवांत होते. घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते.

आपण हे काय करून बसलो, असं तिला झालं. तिने घाईघाईने दोन्ही पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतले. डाव्या टाचेमागचं कातडं बुटाने सोलून निघालं होतं. आतली जखम ओली होती, दोन-चार दिवसांची तरी असावी. हॉटेल गेलं, हे तिला तिथेच कळलं. तिने कानस आणि कात्री परत डब्यात ठेवली.

"मॅडम, टाचेला जखम आहे. आज पेडिक्युअर होणार नाही. मी करणार नाही, आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका. आधी डॉक्टरांना पाय दाखवा. साखर तपासून घ्या."

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला.

"जखम? मला?" बाईंचा आवाज चढला. "अहो, पाय माझे आहेत. जखम असती तर मला कळलं नसतं का? काम जमत नसेल तर तसं सांगा. समोरचं पार्लर उघडंच आहे."

हातातोंडाशी आलेला घास गेलाच होता. आता घाबरायचं कशाला? पार्लरवालीचा आवाज उलट शांत झाला.

"खुशाल जा. फक्त एक करा. डोळे मिटा, आणि मी कुठल्या बोटाला हात लावलाय तेवढं सांगा."

बाईंनी कुरकुरत डोळे मिटले. जाऊबाई काउंटर सोडून जवळ आल्या. पार्लरवाली बाईंच्या तोंडाकडे बघत थांबली. पार्लरवालीने डाव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला होता, आणि चांगला जोर लावून दाबला होता. जाऊबाईंचा हात तोंडावर गेला.

"अहो, सांगते ना!" बाई डोळे मिटूनच करवादल्या. "आधी हात तर लावा!"