धाकटी घंटा

गावात कुणी गेलं, की दुसऱ्या दिवशी तोर्गनीनं त्या डांबर पिऊन काळ्या पडलेल्या लाकडी चर्चची घंटा वाजवायची. बाप्यासाठी थोरली, बाईसाठी धाकटी. तो घरी पोचतो न पोचतो, तोच तळ्यापलीकडून म्हाताऱ्या हेडविगचा फोन यायचा.

"कुणाची रे? माझी तर नाही ना वाजवलीस, मेल्या?"

"तुझी वाजवीन तेव्हा फोन करू नकोस म्हणजे झालं."

"बरं, नाही करत."

चाळीस वर्षं हेच चाललं. शेवटी गावात ही दोघंच उरली.

आज तोर्गनीनं धाकटी घंटा वाजवली, घरी आला आणि अंगातला कोट न काढता फोनपाशी बसला. कॉफी निवली, दुपार सरली.



बाई शब्दाची पक्की निघाली.