रागाचं पुस्तक

वसईतल्या एका चर्चच्या वाचनालयात रेजिनाबाई पुस्तकं निवडत बसल्या होत्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी सात महापापांवरची सात गोष्टींची पुस्तकं मांडा, असं फादरांनी सांगितलं होतं. लोभाचं पुस्तक चटकन सापडलं. वासनेचं मात्र नीट पारखायला हवं म्हणून त्यांनी दोनदा वाचलं.

क्रोधासाठी त्यांनी मुद्दाम एका भांडखोर शेजारणीवरची कादंबरी निवडली. शेजारच्या फ्लोरीच्या कोंबड्यांनी चार वर्षांपूर्वी त्यांची मोगऱ्याची रोपं उकरली होती, तेव्हापासून दोघींत अबोला होता. फ्लोरी हे वाचेल आणि शरमेल, असा रेजिनाबाईंचा बेत होता.

रविवारी मिस्साची प्रार्थना संपताच फ्लोरी पुस्तकांच्या टेबलापाशी आली. तिने नेमकं तेच पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्याच पाच-सहा पानं वाचून काढली. टेबलामागे बसलेल्या रेजिनाबाई बघत राहिल्या.

"रेजिना," फ्लोरी म्हणाली, "ही बाई हुबेहूब तुझ्यासारखी आहे गं!"

रेजिनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ताडकन उठल्या. पण चार वर्षांनी कानावर पडलेल्या त्या 'गं'पुढे त्यांना एकही कडू शब्द सुचेना. उलट हसूच फुटलं.

"अगं, तुझ्यासाठी ठेवलं होतं ते!"

फ्लोरी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "मग नेते घरी. आठ दिवसांत परत करायचं ना?"

"उद्याच आण," रेजिनाबाई म्हणाल्या, "आणि इथे नको, घरी आण. चहा टाकते."