वीरेशमास्तरांची अरबी

"ऐन अल-अलम?" शेखसाहेबांनी पुन्हा विचारलं. बाकावरच्या पोरी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"सर, हे काय म्हणायलेत?" राजेश्वरीनं हळूच विचारलं.

"सायबांची अरबी लई शुद्ध हाय," वीरेशमास्तर पुटपुटले. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. शेखसाहेबांच्या तोंडचा एक शब्दही त्यांना कळला नव्हता.

कळंबच्या बाजारात, एका आडत दुकानाच्या माडीवर मास्तरांचा अरबी बोलण्याचा वर्ग चालायचा. मास्तर आखातातल्या एका मोठ्या दवाखान्यात कपडे धुवायच्या खात्यात बरीच वर्षं काढून आले होते. जाताना विमानतळावरून थेट दवाखान्यात, येताना दवाखान्यातून थेट विमानतळावर. मधला मुलूख त्यांनी पाहिलाच नव्हता. पण आत डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एकच भाषा बोलायचे. अरबस्तानात बोलतात ती अरबी, यात कुणाला विचारण्यासारखं काय होतं? मास्तर ती कान देऊन शिकले, आणि गावी येऊन नर्सिंग झालेल्या पोरींना शिकवू लागले.

ताप म्हणजे पनी. भात म्हणजे चोर. औषध म्हणजे मरुन्न. "ह्यो शब्द तिकडंच वापरायचा," मास्तर बजावायचे. "आपल्याकडचा पेशंट ऐकूनच पळून जाईल." दुखण्याला तर सरळ वेदनाच म्हणायचं. अरबी इतकी सोपी असेल असं पोरींना वाटलंच नव्हतं. कुणी लिहायला शिकवा म्हटलं, तर मास्तर विचारायचे, "पेशंट काय लिहून कण्हतोय व्हय?"

मास्तरांची आई रुद्रम्मा, माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं. एकदा ती वर्गाच्या दारात थबकली. "वीरेश, डोळ्याला कण्णु तर आपन कानडीत बी म्हणतो की रं."

"अरबांनी आपल्याकडनंच नेला आसंल, आई."

रुद्रम्मा खूश होऊन खाली गेली आणि आडतवाल्यालाही ते सांगून आली.

आता मात्र अब्रूचा प्रश्न होता. शेखसाहेब एका दवाखान्याचे मालक. परिचारिका निवडायला सोलापूरला आलेले. अरबी बोलणाऱ्या पोरी कळंबला आहेत असं कळलं, तसे नवल वाटून ते गाडी करून इथवर आले होते. राजेश्वरीचे वडील बब्रुवान यांनी तर नोकरी लागलीच असं धरून सकाळीच गल्लीत पेढे वाटले होते. आणि इथं पोरी मुक्या बसलेल्या. शेखसाहेबांनी हताशपणे मान हलवली आणि ते उठायला लागले.

मास्तरांनी डोळे गच्च मिटले आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ते ओरडले, "सुखमाणो, सायेब?"

शेखसाहेब दचकून मागं सरले. पण त्यांच्यासोबत आलेल्या मुख्य परिचारिका, मरियम्मा सिस्टर, खुर्चीवरून ताडकन उठल्या. "सुखम! सुखम!" म्हणत त्या राजेश्वरीपुढं आल्या आणि पेशंटसारख्या पोट धरून वाकल्या.

राजेश्वरीला एकदम कंठ फुटला. कुठं दुखतंय, औषध घेतलं का, हे तर तिला तोंडपाठच होतं. "एविडेयाण वेदना? मरुन्न कळिच्चो?"

मग काय, बांध फुटावा तशा पोरी सुटल्या. कुणी सिस्टरांचा ताप बघितला, कुणी त्यांना भात खायला सांगितला, शिवप्रियानं तर डोळे तपासायला त्यांचा चष्माच काढला. सिस्टर हसता हसता रडायला लागल्या. मास्तरांची छाती सदऱ्यात मावेना.

शेखसाहेब हे सगळं आ वासून बघत होते. "सिस्टर," त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "ये कौन सा भाषा?"

"मल्याळम, सर. हमारे केरळ की."

मास्तर मटकन खाली बसले.

"म्हंजी सर," राजेश्वरीच्या तोंडून कसंबसं निघालं, "वरीसभर आमी..."

"मला बी आत्ताच कळलं, बाई."

शेखसाहेबांनी एकदा पोरींकडं पाहिलं, एकदा सिस्टरांकडं. मग ते चालत मास्तरांपाशी आले आणि आपला पांढराशुभ्र झगा सावरत त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसले.

"सब लडकी पास," ते म्हणाले. "मास्तर, तुम भी चलो. मेरा हॉस्पिटल में सब लोग यही बोलता, खाली मैं नहीं समझता. मेरे को सिखाओ."