दुसऱ्या तारेवरचा पाच

“एस्टिलआजोबा, तुमची ती दोन बोटं कुठे गेली?”

विचारलं एकदाचं. शाळेच्या बसमधल्या तिघींनी रेलिनला पैज घातली होती, आणि हल्ली ती कुठल्याच पैजेला नाही म्हणत नसे.

शेजारच्या या आजोबांनी डावा हात वर धरून पाहिला, जणू त्यांनाही आत्ताच कळत होतं. मधलं बोट नव्हतं, त्याच्या शेजारची अनामिकाही नव्हती. “लाकूडकटाईच्या गिरणीत राहिली, लग्नाच्या आदल्या वर्षी. परत मागायला गेलो नाही. मुकादम भांडखोर होता. झाली चौकशी? वाजव आता.”

रेलिनने गिटारसारखा पाच तारांचा बॅन्जो मांडीवर घेतला आणि त्यांच्या व्हरांड्याच्या कठड्याला कागद टेकवला. शाळेच्या बँडमध्ये ती क्लॅरिनेट वाजवायची, त्यामुळे सुरांची लिपी तिला तोंडपाठ. आजोबांची धून तिने ऐकून ऐकून त्या लिपीत उतरवली होती. पाच रेघा, त्यांवर काळे ठिपके. एकही ठिपका न चुकवता ती शेवटपर्यंत वाजवून गेली.

“बरोबर आहे,” आजोबा म्हणाले आणि कुत्र्याचा कान खाजवायला लागले.

“बरोबर आहे म्हणजे आवडलं नाही.”

“न आवडायला काय झालं? झाडलेल्या अंगणासारखं स्वच्छ आहे. कोंबडीसुद्धा फिरकणार नाही.”

एरवी ती भांडली असती. पण वीस दिवसांनी आजोबांची मुलगी त्यांना कायमचं दूर ओहायोला नेणार होती. त्यांच्याकडे छत्तीस धुना होत्या, त्या वाजवणारं सगळ्या खोऱ्यात दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि रेलिनची पहिलीच धून अशी झाडून निघाली होती.

“तुम्ही वाजवा ना. अगदी सावकाश.”

या वेळी ती कागदाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. वरचा सूर आला आणि ती पुढे वाकली. तो सूर ती पहिल्या तारेवर, बॅन्जोच्या दांडीवरच्या दुसऱ्या पडद्यावर घ्यायची. मधल्या बोटाने. आजोबांना ते बोटच नव्हतं. त्यांची तर्जनी दुसऱ्या तारेवरून घसरत थेट पाचव्या पडद्यापर्यंत जायची, आणि मोकळी राहिलेली पहिली तार शेजारी गुणगुणत राहायची. सूर तोच. तिच्या कागदावर दोन्हींसाठी ठिपकाही तोच.

तिने कागद उलटा केला आणि पुन्हा पाच रेघा मारल्या. आता एक रेघ म्हणजे एक तार, आणि ठिपक्यांच्या जागी पडद्यांचे आकडे. दुसऱ्या रेघेवर ठळक पाच.

आजोबांनी मान वाकडी करून पाहिलं. “हे काय, लॉटरीचे नंबर?”

“तुमचा हात आहे हा.”

मग तिने वेणीचं रबर ओढून काढलं, आपली तीच दोन बोटं दुमडली आणि त्यांवर रबर चढवलं. पहिल्या खेपेला तर्जनी चौथ्या पडद्यावरच अडखळली. दुसऱ्या खेपेला पुढे निघून गेली. तिसऱ्या खेपेला मोकळी तार गुणगुणली, आणि आजोबांचा बूट फळीवर ठेका धरू लागला. कुत्र्याचा कान त्यांनी सोडून दिला.

घरी आई समुद्राकाठच्या सुट्टीसाठी टॉवेलांच्या घड्या घालत होती. बाबा त्या बॅगेत कोंबत होते.

“मी यंदा येत नाहीये,” रेलिनने दारातूनच सांगितलं. “रोज दोन धुना केल्या तर सगळ्या होतील. एक झाली.”

“फोनवर शूटिंग करून ठेव की,” बाबा म्हणाले. “आणि चल.”

“माझं चुकलं तर फोन थोडाच सांगणार आहे, बाबा? आजोबा सांगतात. मी मावशीकडे राहीन, तिला विचारून आलेय. ठरलंय माझं.” तिने आईच्या हातातून आपला टॉवेल काढून घेतला. “तुम्ही जाऊन या. समुद्र काही ओहायोला चाललेला नाही.”