पट्ट्यावरचा फेस

मेकॅनिक नूरभाईंनी चालू इंजिनच्या पट्ट्यावर बाटलीतलं पाणी मारलं. त्याचं किंचाळणं क्षणभर थांबलं आणि पट्ट्यावर पांढरा फेस आला.

"ताई, साबण घासलाय याला. विकताना आवाज येऊ नये म्हणून करतात. आणि मीटर साठ हजार दाखवतोय, पण ही पुली दोन लाख किलोमीटर तरी फिरलीय."

वनिताची कानशिलं तापली. गाडी विकताना जुन्या गाड्यांचा व्यापारी भोईटेशेठ गळ्याची शपथ घेऊन म्हणाला होता, "डॉक्टरीणबाईंची गाडी. घर ते दवाखाना, बास." काल फोनवर आवाजाची तक्रार केली, तर तोच म्हणाला, "विकली, विषय संपला."

"तासाभरात बदलून देतो," नूरभाई म्हणाले.

"आज नको. रविवारपर्यंत पट्टा तुटणार नाही ना?"

"तुटणार नाही, पण गल्लीभर बोंबलेल."

"बोंबलू दे."

रविवारी गिऱ्हाइकांची गर्दी ऐन भरात असताना तिने गाडी शेठच्या फाटकात उभी केली आणि पट्ट्यावर ताण यावा म्हणून एसी लावला. गाडी अशी किंचाळली की शेठ धावतच आला.

"ताई, बंद करा. फुकटात दुरुस्त करून देतो."

"दुरुस्तीला नाही आले मी."

गाड्या बघायला आलेलं एक जोडपं जवळ सरकलं. "ही इथूनच घेतली का हो?"

वनिताने मागचं दार उघडलं. "बसा, चक्कर मारून आणते, सगळं सांगते." मग ती शेठकडे वळली. "तुम्ही पुढे बसा. मी एक शब्द खोटा बोलले, तर तिथंच टोका."